डाव्या पायाच्या बोटांपासून

लकव्यानंतर हात हलायला लागला की लोक म्हणतात, झाली बरी. माझा हात हलला तेव्हा खरी अडचण कळली. मेंदूच्या उजव्या भागात गुठळी अडकली होती. डावी बाजू लुळी तर पडलीच, पण माझ्या ध्यानातूनच गेली. ताटात डावीकडे वाढलेली शेवभाजी तशीच राहायची. हात दाराच्या कडीत अडकलेला असायचा आणि मी पुढे निघालेली. डॉक्टरांनी समजावलं: डोळे चांगले आहेत, मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही.

फिजिओथेरपी सुरू होतीच. मुलीने पुण्याहून माइंडफुलनेसचं, म्हणजे आत्ता जे जाणवतंय त्याकडे शांतपणे लक्ष देण्याच्या ध्यानाचं, रेकॉर्डिंग पाठवलं. १९७९ मध्ये अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी दीर्घ दुखण्याच्या रुग्णांसाठी जो कार्यक्रम सुरू केला, त्यातला ‘बॉडी स्कॅन’, म्हणजे अंगाच्या एकेका भागाकडे लक्ष नेणं. निजून, डोळे मिटून, जवळजवळ पाऊण तास. आणि सुरुवात कुठून? डाव्या पायाच्या बोटांपासून. आवाज विचारायचा, बोटांत काय जाणवतंय? तिथे काहीच नसायचं. मला रडू यायचं. शिवाय लकव्यानंतरचा थकवा असा, की नुसतं ऐकूनही डोकं सुन्न व्हायचं.

म्हणून आम्ही घरच्या घरी रीत बदलली. हात असलेल्या खुर्चीत बसायचं, डोळे उघडे, डावा हात मांडीवर, दिसेल असा. दोन-तीन मिनिटं, बस. आधी उजवा तळवा ज्वारीच्या दाण्यांत फिरवायचा, म्हणजे दाणा कसा लागतो ते ताजं होतं. मग डावा, त्याच्याकडे बघत. काही लागलं नाही तर ‘काही नाही’ एवढंच मनाशी म्हणायचं आणि पुढच्या बोटावर जायचं. जबरदस्ती नाही.

सासूबाई रोज विचारायच्या, “आज हात काय म्हनस वं माय?” त्यांना उत्तर द्यायचं म्हणून मी नीट बघायला लागले. मनगटापाशी गार लागतंय. करंगळी मुकी आहे. अंगठ्यात मुंग्या. माझ्या मते कुठल्याही रेकॉर्डिंगपेक्षा हा प्रश्न मोठा. घरातल्यांनी ‘हात हलतो का’ एवढंच विचारू नये, हेही विचारावं.

ध्यानाने हात चालत नाही. हात व्यायामाने चालतो, आणि रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही. मला ध्यानाचा उपयोग झाला तो मनासाठी. लकव्यानंतर (स्ट्रोकनंतर) साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, त्याला मनाचा कमकुवतपणा समजून गप्प बसू नका, डॉक्टरांना सांगा. आता मी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी थापते तेव्हा डावा हात परातीला टेकलेला असतो आणि माझं लक्ष त्याच्यावर असतं. तव्याजवळ मात्र तो नेत नाही, चटका कळत नाही अजून.

एक गोष्ट कळकळीने सांगते. जुन्या मुंग्या शांतपणे बघाव्यात. पण तोंड अचानक वाकडं झालं, हातातलं बळ गेलं, बोलणं अडखळलं, तर बघत बसायचं नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो, आणि अमळनेरहून धुळं किंवा जळगाव गाठण्यातच त्यातला वेळ जातो. १०८ चा आणि शेजारच्या गाडीवाल्याचा नंबर आम्ही फ्रिजवर चिकटवून ठेवलाय, मोठ्या अक्षरांत.