पुष्पचक्र, शोकवही आणि बाकीचं

निवृत्त राजदूतांच्या आठवणी मी कधीच पहिल्या पानापासून वाचत नाही. शिखर परिषदा, संयुक्त निवेदनातल्या एका विशेषणावरून रात्रभर चाललेली रस्सीखेच, ‘मी पंतप्रधानांना तेव्हाच सांगितलं होतं’ छापाची वाक्यं, हे सगळं थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखंच असतं. (प्रत्येकाने तेव्हाच सांगितलं होतं, तर मग इतकी धोरणं फसली कशी, हा प्रश्न उरतोच.) मला हवा असतो तो पहिल्या नेमणुकीवरचा थर्ड सेक्रेटरी. त्याला मेजवानीत अजून कोणी मानाच्या जागी बसवत नाही, आणि वरिष्ठांना नकोशी असलेली कामं फिरत फिरत त्याच्याच टेबलावर येऊन पडतात. त्यांतली बरीचशी मेलेल्या माणसांची असतात.

स्मरण करणं हे परराष्ट्र सेवेत चक्क कामच आहे. एखाद्या देशाचा राष्ट्रप्रमुख वारला की ठिकठिकाणच्या त्याच्या वकिलातींत शोकवही उघडतात. झेंडा अर्ध्यावर येतो. टेबलावर तसबीर, फुलं, जाड कागदाची वही आणि न अडखळणारं एक पेन. मग त्या राजधानीतले इतर देशांचे राजदूत ठरलेल्या वेळात एकेक करून येतात, बसतात, चार ओळी लिहून सही करतात, फोटो निघतो. त्या चार ओळी कित्येकदा हाताखालच्या कुणीतरी आदल्या रात्रीच तयार करून दिलेल्या असतात. गेलेला माणूस कधी लोकशाहीसाठी आयुष्य वेचलेला असतो, कधी विरोधकांना वर्षानुवर्षं तुरुंगात सडवणारा. वही दोघांसाठीही उघडते. दुसऱ्या प्रकारच्या माणसासाठी ‘त्यांनी दीर्घकाळ देशाचं नेतृत्व केलं’ हे वाक्य फार सोयीचं. त्यात खोटं काहीच नाही.

पुष्पचक्रांबद्दल मात्र मला असं तिरकस बोलवत नाही. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला पहिल्या महायुद्धात पडलेल्या, थडगंही न मिळालेल्या ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांची नावं कोरलेलं स्मारक आहे, १९२७ सालचं. इस्रायलमधलं हैफा शहर २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळाने जिंकलं. त्यात पडलेल्यांसाठी तिथली भारतीय वकिलात हैफा दिन पाळते. तिथे मान खाली घालून उभा असलेला अधिकारी दोन वर्षांपूर्वी भलत्याच खंडात व्यापारवाढीचे अहवाल लिहीत असतो. ज्यांच्यासाठी तो उभा आहे ते ज्या साम्राज्यासाठी लढले, ते उलथूनच त्याचं सरकार आलं. हातात पुष्पचक्र आहे ते केवळ नेमणूक तिथे झाली म्हणून. तरी त्या नावांसमोर वर्षातून एकदा देशाचं माणूस येऊन उभं राहतं, आणि ते भाडोत्री वाटत नाही.

खरी कसोटी लागते ती वाणिज्य दूताच्या खिडकीत. परदेशात मजुरी करणारा कुणी कामावर किंवा झोपेत गेला, की त्याचं पार्थिव घरी पोचवायला कागद लागतात: स्थानिक मृत्यूचा दाखला, शवलेपनाचं प्रमाणपत्र, पोलिसांची हरकत नसल्याचा कागद, घरच्यांचं संमतिपत्र, वकिलातीचा ना-हरकत दाखला. मालकाकडे थकलेला पगार असतो, त्याचा पाठपुरावा निराळा. विमान कंपनीसाठी तो आता प्रवासी नसतो, माल असतो. त्याची नोंद कार्गोत होते. आणि त्याचा पासपोर्ट रद्द करावा लागतो. सव्वीस वर्षांच्या अधिकाऱ्याने शिक्का मारण्यापूर्वी पान उघडायचं, तर आत फोटो. आपल्याच वयाचा, फोटोसाठी म्हणून मुद्दाम केस विंचरून बसलेला.

घरच्यांना फोन करणं हे त्याहून अवघड. ते जे विचारतात त्यासाठी अर्जात रकाना नसतो. जेवला होता का? जवळ कोण होतं? हातातलं घड्याळ कुठंय? अशा वेळी काय बोलायचं हे कुठल्या प्रबोधिनीत शिकवता येईल असं मला वाटत नाही. या पानांवर राजदूतांची भाषा बदलते. ‘द्विपक्षीय’ हा शब्द नाहीसा होतो, वाक्यं आखूड होतात. चाळीस वर्षांनी करारांची कलमं पुसट झालेली असतात, आणि एका शवागाराच्या दाराचा रंग मात्र लक्षात असतो.

शिक्क्यांचीच गोष्ट निघाली तर चिउने सुगिहारा आठवतात. १९४० च्या उन्हाळ्यात लिथुआनियातल्या कौनास शहरात ते जपानचे उपवाणिज्यदूत होते. पळ काढू पाहणाऱ्या ज्यूंना त्यांनी टोकियोच्या सूचना बाजूला ठेवून दोन हजारांहून अधिक ट्रान्झिट व्हिसा दिले, हाताने लिहून. युद्धानंतर, १९४७ साली, नोकरी गेली. पुढे त्यांना शोधून काढलं ते १९६८ साली, टोकियोतल्या इस्रायली वकिलातीत आलेल्या एका अधिकाऱ्याने, आणि तो स्वतः त्या व्हिसावर वाचलेल्यांपैकी होता. म्हणजे एका वकिलातीतल्या माणसाची आठवण ठेवायला दुसऱ्या वकिलातीतलाच माणूस लागला.

यांची स्वतःची स्मारकं फारशी कुणी बघत नाही. वॉशिंग्टनमध्ये परराष्ट्र खात्याच्या इमारतीत सेवेत गेलेल्यांचे नामफलक आहेत. सुरुवातीचं नाव विल्यम पाल्फ्री, १७८० साली समुद्रात बेपत्ता. जुन्या नावांपुढे पीतज्वर, पटकी, जहाज बुडालं अशी कारणं दिसतात. पुढे पुढे गोळ्या आणि बॉम्ब येतात. आपल्याकडे काबूलच्या वकिलातीच्या फाटकावर ७ जुलै २००८ रोजी झालेल्या स्फोटात काउन्सेलर व्ही. वेंकटेश्वर राव आणि ब्रिगेडियर रवी दत्त मेहता गेले. त्याआधी, फेब्रुवारी १९८४ मध्ये, बर्मिंगहॅमच्या उच्चायोग कार्यालयातले रवींद्र म्हात्रे मुलीच्या वाढदिवसाचा केक घेऊन घरी निघाले असताना पळवले गेले आणि मारले गेले. पुण्यातल्या पुलाला त्यांचं नाव आहे. त्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना म्हात्रे कोण हे ठाऊक असेल, याचा अंदाज मी करत नाही.

ब्रिटिशांकडे एक झकास प्रथा होती. राजदूत नेमणूक संपवून निघताना निरोपाचा खलिता लिहायचा, आणि त्यात इतकी वर्षं गिळलेलं सगळं ओकून टाकायचा: यजमान देशाबद्दल, आणि बऱ्याचदा स्वतःच्या खात्याबद्दलही. असे खलिते खात्यात चवीने फिरवून वाचले जात. २००६ साली ही प्रथा बंद झाली. फार मोकळं लिहिलेलं फुटून बाहेर जातं, हे कारण समजण्यासारखं आहे. पण लिहिण्याजोगी गोष्ट निवृत्तीपर्यंत राखून ठेवली की ती हमखास शहाणी होऊन बाहेर येते.

माझी तक्रार वेगळीच आहे. राजदूत दोन-तीन वर्षांनी बदलतो. दाराशी बसणारा, गाडी चालवणारा, भाषांतर करणारा स्थानिक कर्मचारी मात्र पंचवीस-तीस वर्षं तिथेच असतो. कुठली फाइल कुठल्या कपाटात आहे, शवागारातला कुठला कारकून फोन उचलतो, कुठल्या राजदूताने शोकवहीत स्वतःच्या मनाने लिहिलं आणि कुठल्याने खिशातल्या चिठ्ठीवरून, हे त्याला पाठ असतं. त्याला निरोपाचा खलिता लिहायला कधीच कुणी सांगितलं नाही, प्रकाशकही त्याच्याकडे फिरकत नाहीत. कुणी फिरकलंच तर माझी एक सूचना आहे: त्याला निवृत्तीनंतर गाठा, आणि शक्यतो विद्यमान राजदूत शेजारच्या खोलीत नसताना.