तुम्ही विचारलंत म्हणून: आर्किटेक्ट की इंजिनीअर?

लग्नकार्यात, सोसायटीच्या सभेत, आणि भाचीच्या प्रवेशाचा अर्ज भरायला घेतल्यापासून ताईकडूनही मला एकच प्रश्न विचारला जातो: तू नक्की कोण, आर्किटेक्ट की इंजिनीअर? दोन्ही नसशील, तर चार वर्षे शिकलीस काय? आजवर मी विषय बदलत आले. आता एकदा पूर्ण उत्तर द्यायचे आहे.

मी इमारत शिकले. पदवीच्या चार वर्षांत मी आर्किटेक्चरच्या मुलांबरोबर प्लॅन आणि सेक्शन काढले, सिव्हिलच्या मुलांबरोबर बीममधल्या सळयांचे हिशेब केले आणि सुट्ट्यांमध्ये साइटवर गवंड्यांचे काम शेजारी उभे राहून पाहिले. ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी 1972 च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यांनाच लावता येते. ती मी कधीही लावलेली नाही. पण आमचा विषय कोणा एकाच्या टेबलावर मावत नाही. 2018 ची इको निवास संहिता, म्हणजे घरांसाठीची ऊर्जाबचतीची नियमावली, सांगते की, थंड हवामानाचे प्रदेश सोडले तर, घराच्या बाहेरच्या भिंती आणि खिडक्यांमधून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला 15 वॅटच्या वर जाऊ नये. खिडकी केवढी आणि कोणत्या दिशेला, हे आर्किटेक्ट ठरवतो. भिंत आरसीसीची (सळया घातलेल्या काँक्रीटची) की एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची), हे बहुधा स्ट्रक्चरल इंजिनीअर आणि बिल्डर यांच्या हिशेबात ठरते. आणि कागदावरचे उतरले की नाही, हे साइटवर कळते. तिघांपैकी एकालाच विचारून तो आकडा हाती येत नाही.

हे मी कोणालाही पटवून देऊ शकते. पुढचे सांगणे अवघड आहे.

शेवटच्या वर्षी इंटर्नशिपसाठी मी ठाण्यातल्या एका सात मजली इमारतीच्या साइटवर होते. पाचव्या मजल्यावर पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून प्लास्टर सुरू होणार होते. आरसीसी बीमच्या खाली एएसी ब्लॉकची भिंत येऊन टेकते; ब्लॉक वाळताना आकसतो, बीम भाराने किंचित वाकतो आणि मधला सांधा उघडू पाहतो. म्हणून भिंतीचा सर्वांत वरचा थर काही दिवस थांबून भरायचा असतो आणि प्लास्टरआधी सांध्यावर जाळी मारायची असते. इथे थर त्याच दिवशी भरला होता आणि जाळी नव्हती. मी मिस्त्रींना विचारले. ते म्हणाले, “मॅडम, चिकनमेश आलीच नाही. साहेबांनी चालू करा म्हटलं.” साइट इंजिनीअर म्हणाले की, आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये तसे डिटेलच नाही. आर्किटेक्टच्या ऑफिसला फोन केला, तर तो कामाच्या दर्जाचा प्रश्न आहे, ड्रॉइंगचा नाही, असे उत्तर आले. दोन्ही ड्रॉइंग माझ्या हातात होती. एकात भिंत होती, दुसऱ्यात बीम होता, आणि सांधा कोणत्याच कागदावर नव्हता. साइटच्या रजिस्टरमध्ये दोन ओळी लिहिणे मला शक्य होते. मी लिहिल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत प्लास्टर झाले.

पुढे त्याच बिल्डरकडे मला नोकरी लागली. लोक राहायला आल्यानंतरच्या पहिल्याच जुलैत, मला तिथली गळतीची तक्रार पाहायला पाठवले गेले. पाचव्या मजल्यावरच्या आजींनी कपाट पुढे ओढून दाखवले. बीमच्या तळाशी ओलीची रेघ होती, पट्टी धरून मारावी इतकी सरळ. तिच्याखाली रंगाला फोड आले होते आणि बोट लावताच पापुद्रा सुटून आला. कपाटावर त्यांच्या यजमानांची बाजाची पेटी होती, तिचा भाता बुरशीने चिकटला होता. “बाळ, तू इंजिनीअर ना? मग पाणी येतं कुठून, तेवढं सांग.” पाणी कुठून येते हे त्या घरात मला एकटीलाच माहीत होते. मी “बघून सांगते” म्हणाले आणि जिना उतरले.

वर्गात असताना मी मैत्रिणींना ठासून सांगत असे की उपाधीला काही अर्थ नाही, इमारत कळणे महत्त्वाचे. त्या जिन्यावर मला वर्गातल्या त्या मुलीचा, म्हणजे माझाच, राग आला. इमारत मला कळली होती. पण काम थांबवण्याचा अधिकार नोंदणीतून आणि सहीतून येतो, आणि तो या पदवीने मला दिला नव्हता. हा बचाव मी अनेक वर्षे केला आणि आजही तो पूर्ण खोटा आहे असे मला वाटत नाही. पण सही मिस्त्रींनाही नव्हती. विचारल्याबरोबर त्यांनी खरे ते सांगितले. मला कोणी विचारले नव्हते, म्हणून मी गप्प राहिले का? की माझी पदवी काय, हा प्रश्न टाळून टाळून मी आधीच इतकी थकले होते, की पुन्हा तोंड उघडायची हिंमत उरली नव्हती?

पाऊस ओसरल्यावर तो सांधा फोडून, जाळी मारून पुन्हा भरला. त्यानंतर तिथे ओल आली नाही. आजींना कारण मी तेव्हा सांगितले, रजिस्टरचे मात्र आजवर सांगितलेले नाही. आणि ताई, भाचीने हा विषय घ्यावा का, याचे उत्तर मी दोनदा लिहिले, एकदा हो आणि एकदा नाही, आणि दोन्ही कागद माझ्याजवळच आहेत.