रस्टमधली मीडिया टाईपची लायब्ररी: स्टोरेज बदललं, तुलना वेगळ्या केल्या, ॲक्सेप्ट हेडर चालू झालं

मंडळी, रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत मी जी मीडिया टाईपची लायब्ररी लिहितोय तिचा मधला गाभा आता स्थिर झालाय म्हणून जरा सविस्तर लिहितो. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात: सर्व्हर काहीही पाठवतो तेव्हा सोबतच्या कंटेंट-टाईप हेडरमध्ये (माहितीच्या ओळीत) टेक्स्ट/एचटीएमएल; चारसेट=यूटीएफ-८ असं काहीतरी असतं, तोच मीडिया टाईप (टेक्स्ट हा टाईप, एचटीएमएल हा सबटाईप, सेमीकोलनच्या पुढचे पॅरामीटर; चारसेट म्हणजे अक्षरं बाइटमध्ये कशी लिहिलीत ते), आणि बहुतेक प्रोग्राममध्ये तो नुसती स्ट्रिंग म्हणून फिरत असतो, कोणी डबल इक्वलने तुलना करतं, कोणी स्टार्ट्स-विथ लावतं, कोणी सेमीकोलनवर तोडून पहिला तुकडा उचलतं. माझं म्हणणं पहिल्यापासून हेच आहे की याला आत रचना आहे, ती कोडमधल्या टाईपमध्येच उतरवायची, म्हणजे बरेचसे बग कंपायलरच पकडेल.

आधी स्टोरेज. टाईपची एक स्ट्रिंग, सबटाईपची दुसरी, पॅरामीटर्सचा हॅशमॅप असं केलं की एवढ्याशा हेडरसाठी मेमरीची भाराभर ॲलोकेशन होतात. आता एकच बफर ठेवलाय आणि सोबत स्लॅश कुठे, शेवटचा प्लस कुठे, सबटाईप कुठे संपतो एवढे आकडे. आणि इथे एक फार सुंदर गोष्ट हाती लागली. मीडिया टाईपच्या रजिस्ट्रेशनचे नियम सांगणारा आरएफसी ६८३८ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज, हा २०१३ चा) म्हणतो की टाईपचं नाव जास्तीत जास्त १२७ कॅरेक्टर, सबटाईपचंही १२७. मधला एक स्लॅश धरून बेरीज करा, बरोब्बर २५५! एका बाइटमध्ये २५५ पर्यंतचाच आकडा मावतो, म्हणजे तिन्ही आकडे एकेका बाइटमध्ये बसतात, एकही कॅरेक्टर उरत नाही की कमी पडत नाही. एवढी लांब नावं प्रत्यक्षात दिसत नाहीत, त्याच आरएफसीत ६४ च्या आत ठेवा असंही सांगितलंय, आणि रोज दिसणारं लांब उदाहरण म्हणजे वर्डच्या डॉकएक्स फाईलचं, ते अख्खं ७१ कॅरेक्टरचं आहे. ब्राउझरवाल्यांच्या वॉटडब्ल्यूजी स्टँडर्डमध्ये मात्र लांबीची मर्यादाच नाही, तरी मी १२७ च्या पुढचं नाव सरळ एरर देतो.

शेवटचा प्लस का, तर इमेज/एसव्हीजी+एक्सएमएल मध्ये प्लसच्या पुढचा भाग म्हणजे सफिक्स, आणि एकापेक्षा जास्त प्लस असतील तर शेवटचाच धरायचा असं आरएफसी ६८३८ मध्येच लिहिलंय. हा सफिक्स खूप कामाचा आहे. आपल्या प्रोग्रामने जिओ+जेसन कधी बघितलेलं नसलं तरी निदान जेसन म्हणून ते उघडता येतं.

वरच्या पातळीचे टाईप (टेक्स्ट, इमेज, ऑडिओ वगैरे) ईनममध्ये (ठरलेल्या पर्यायांच्या बंद यादीत) ठेवावेत का यावर मी बराच विचार केला. ही यादी बंद आहे असं वाटतं पण नाहीये, फॉन्ट २०१७ मध्ये आला आणि हॅप्टिक्स (स्पर्श-कंपनाचा) तर २०२५ मध्ये. म्हणून ईनम ठेवलाच नाही, नाव स्ट्रिंग म्हणूनच मिळतं आणि नेहमीच्या टाईपसाठी कॉन्स्टंट दिलेत.

आता पार्सर, म्हणजे हेडर वाचून त्याचे भाग वेगळे करणारा कोड. दोन ठेवलेत, कडक आणि सैल. स्वतः लिहिताना कडक वापरा, बाहेरून आलेलं वाचताना सैल. लांबीची मर्यादा सोडली तर सैल पार्सर वॉटडब्ल्यूजीच्या पायऱ्या जशाच्या तशा पाळतो, म्हणजे शेवटचा कोट बंद केला नसेल तरी चालवून घेतो, एखादा पॅरामीटर बिघडलेला असेल तर तेवढाच सोडून पुढे जातो. सगळ्यात जास्त मतभेद आहेत ते एकच पॅरामीटर दोनदा आला तर काय यावर. ब्राउझर पहिला धरतात, गो भाषेची स्टँडर्ड लायब्ररी एरर देते, आणि जावातली ग्वावा मल्टीमॅप वापरते म्हणून दोन्ही जपून ठेवते. मी सैलमध्ये पहिला धरतो आणि कडकमध्ये एरर देतो. प्रॉक्सीने (मधल्या सर्व्हरने) एक चारसेट वाचला आणि ब्राउझरने दुसराच, तर तिथे सिक्युरिटीचं भोक पडतं, त्यामुळे निदान वाचताना तरी ब्राउझरशी जुळवून घेणं मला महत्त्वाचं वाटतं.

लोअरकेसबद्दल कळकळीची विनंती: अख्खं हेडर लोअरकेस करू नका! टाईप, सबटाईप आणि पॅरामीटरची नावं केस-इन्सेन्सिटिव्ह (लहान-मोठं अक्षर एकच) आहेत, चारसेटची व्हॅल्यूही, पण मल्टिपार्टच्या (अनेक तुकड्यांच्या बॉडीच्या) बाउंडरीची, म्हणजे तुकड्यांमधल्या खुणेची, व्हॅल्यू केस-सेन्सिटिव्ह आहे. ती लहान अक्षरांत केलीत तर बॉडीमध्ये तुकडे कुठे तोडायचे तेच सापडत नाही आणि फाईल अपलोड फसतं. शिवाय बाउंडरीत कोलन, इक्वल अशी चिन्हं चालतात (लांबी ७० पर्यंत), म्हणून परत लिहिताना ती कोटमध्ये घालावी लागते. ते काम आता लायब्ररीच करते.

तुलना हा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा बदल. डबल इक्वल आता फक्त एवढंच विचारतं की दोन व्हॅल्यू पूर्ण सारख्या आहेत का, पॅरामीटर्ससकट, त्यांचा क्रम सोडून. "दोन्ही एचटीएमएलच आहेत ना" यासाठी एसेन्सची वेगळी मेथड आहे, जी सेमीकोलनच्या आधीचाच भाग बघते, आणि "हे याच्यात बसतं का" यासाठी तिसरी. जावास्क्रिप्टचं उदाहरण घ्या. २००६ च्या आरएफसीने टेक्स्ट/जावास्क्रिप्ट जुनं ठरवून ॲप्लिकेशन/जावास्क्रिप्ट वापरा म्हणून सांगितलं, मग २०२२ च्या आरएफसी ९२३९ ने बरोबर उलट केलं, आणि ब्राउझर तर जावास्क्रिप्टची १६ नावं ओळखतात. हे सगळं डबल इक्वलमध्ये कोंबलं असतं तर हॅशची (समान व्हॅल्यूंना समानच यावा लागणाऱ्या आकड्याची) वाट लागली असती, म्हणून जावास्क्रिप्ट आहे का, जेसन आहे का, एक्सएमएल आहे का या वेगवेगळ्या मेथड.

चारसेटवर मात्र थांबायलाच हवं, कारण तो आपल्या मराठी मजकुराच्या थेट मुळाशी येतो. यूटीएफ-८ मध्ये नेहमीच्या देवनागरीचं प्रत्येक कोडपॉइंट (युनिकोडमधलं एकेक चिन्ह) तीन बाइटचं, "मराठी" म्हणजे पाच कोडपॉइंट, पंधरा बाइट. १९९९ च्या एचटीटीपी आरएफसीप्रमाणे टेक्स्टला चारसेट दिला नसेल तर आयएसओ-८८५९-१ धरायचं होतं, २०१४ मध्ये तो डीफॉल्ट काढला, पण तसं वाचणारे प्रोग्राम अजून आहेत. तसं वाचलं की प्रत्येक कोडपॉइंटचा पहिला बाइट डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए (à) दिसतो, दुसऱ्या बाइटचं एक तर चलनाचं गोल चिन्ह होतं नाहीतर जपानी येनचं. व्यंजनं, काना आणि पहिली वेलांटी यांना गोल चिन्ह, आणि दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, हलंत यांना येन. असं बिघडलेलं पान दिसलं की मी आता नुसत्या येनवरून सांगतो की खाली देवनागरी आहे. म्हणून माझी चारसेटची मेथड ऑप्शन (व्हॅल्यू आहे किंवा नाही असं उत्तर) परत देते आणि स्वतःहून कुठलाही डीफॉल्ट भरत नाही, काय धरायचं ते वापरणाऱ्याने उघडपणे लिहावं. ॲप्लिकेशन/जेसनला चारसेट पॅरामीटर नाहीच, त्यामुळे लायब्ररी तो तिथे कधीही चिकटवत नाही.

आणि ॲक्सेप्ट हेडर, म्हणजे कुठले टाईप चालतील हे ब्राउझर सर्व्हरला सांगतो ते. टेक्स्ट/स्टार (टेक्स्टमधलं काहीही) हा मीडिया टाईप नसून रेंज आहे, पण स्टार हे एचटीटीपी टोकनमध्ये चालणारं कॅरेक्टर असल्यामुळे सैल पार्सर तो बिनबोभाट घेईल. म्हणून रेंजचा स्ट्रक्ट पूर्ण वेगळा केलाय, चुकून कंटेंट-टाईपमध्ये रेंज पाठवायला गेलात तर कोड कंपाइलच होत नाही. क्यू व्हॅल्यूला (ती रेंज किती पसंत याचं ० ते १ मधलं वजन) दशांशानंतर तीनच अंक चालतात, म्हणून ० ते १००० असा पूर्णांक ठेवला, फ्लोट नको, कारण रस्टमध्ये फ्लोटला ना हॅश आहे ना पूर्ण क्रम. टेस्टसाठी आरएफसी ७२३१ मधलंच उदाहरण घेतलंय, त्यात टेक्स्ट/स्टारला ०.३ आणि स्टार/स्टारला ०.५ दिलेत. लेव्हल १ च्या एचटीएमएलला १ मिळतो, साध्या एचटीएमएलला ०.७, आणि टेक्स्ट/प्लेनला ०.३ पण इमेज/जेपेगला ०.५! जास्त नेमकी रेंज जिंकते, जास्त क्यूवाली नाही, हे ज्या लायब्ररीला कळलंय ती या टेस्टमध्ये पास होते.

बाइट बघून टाईप ओळखण्याचा भाग या लायब्ररीत घेणार नाही, तो विषय वेगळा आणि मोठा आहे. एक्स्टेन्शनवरून टाईप देणारी टेबल वेगळ्या क्रेटमध्ये (रस्टच्या पॅकेजमध्ये) जाईल, तिथे .टीएस टाईपस्क्रिप्ट की एमपेग व्हिडिओ हे वापरणाऱ्यालाच ठरवू देणार आहे. पुढचं काम म्हणजे सैल पार्सरचं फझिंग (वेडंवाकडं इनपुट देऊन तपासणी), त्यासाठी विचित्र हेडर लागतील. जुन्या मेल सर्व्हरची, राउटरच्या ॲडमिन पानांची, सरकारी पोर्टलवरच्या पीडीएफची, जे काही सापडेल ते कंटेंट-टाईप जसंच्या तसं, एकही स्पेस न बदलता पाठवा, टेस्टच्या फोल्डरमध्ये टाकतो.