मुठीचे लाड

सुरीची धार गेली की घरात बोंब होते, मूठ मात्र डगमगेपर्यंत कुणाच्या खिजगणतीत नसते. वास्तविक रोज हात लागतो तो मुठीलाच. आमच्या सुरीची मूठ शिसवीची. साबणाच्या पाण्यानं लाकूड इतकं भुरकट पडलं होतं, की ते शिसवी आहे हे मला पॉलिश पेपर फिरवल्यावरच कळलं.

आधी १२० नंबरचा पेपर, मग २२०. घासायचं ते लाकडाच्या रेषांच्या दिशेनंच. आडवे ओरखडे तेल लागलं की उठून दिसतात. पुढची पायरी बरेच जण गाळतात. मुठीवरून ओलं फडकं फिरवायचं आणि वाळू द्यायचं. गुळगुळीत झालेली मूठ दोन दिवसांच्या दाढीसारखी खरखरते, कारण दबलेले तंतू पाण्यानं उभे राहतात. ते ४०० नंबरनं हलकेच उतरवले, की पुढे सुरी धुताना फारसे डोकं वर काढत नाहीत.

तेल कुठलं, यावर घरात दोन तट पडले. खोबरेल हाताशी असतं, पण ते वाळत नाही. गोडेतेलाचंही तेच, वर खवट वास. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जातं. चित्रकारांचे तैलरंग वाळतात ते याच गुणावर. हार्डवेअरवाल्याकडच्या उकळलेल्या तेलात लवकर वाळण्यासाठी बहुधा धातूंचे क्षार असतात, म्हणून खायच्या वस्तूशी संबंध असला की मी घाण्याचं तेलच घेतो. पातळ हात द्यायचा, थोड्या वेळानं जास्तीचं पुसायचं, नाहीतर चिकट थर बसतो. मुठीचं बूड सगळ्यात जास्त तेल पितं, तिथे तंतूंची तोंडं उघडी असतात.

तेलाचं फडकं मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. वाळताना ते तापतं आणि आपोआप पेटूही शकतं. दोरीवर मोकळं पसरावं.

व्हार्निशनं काम झटपट होतं, हे खरं. टेबलाला ते शोभतंही. सुरीवर त्या थराला चीर गेली, की पाणी आत शिरून तिथेच मुरतं. तेलाची मूठ फिकी पडली तर वरून आणखी एक हात द्यायचा, एवढंच.

घाण्याचं तेल वाळायला कित्येक दिवस घेतं. तोवर भाजी विळीवर चिरायची, असं फर्मान मी काढलंय. विळीचा पाटही बघून घे, असं उलट फर्मान स्वयंपाकघरातून आलंय.