आठळ्यांचं पीठ आणि अर्जातले दोन शब्द

फणसाच्या आठळ्यांचं पीठ विकायला काढणाऱ्यांनी एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या) नोंदणी अर्जात 'मॉडिफाइड स्टार्च' हे शब्द लिहू नयेत. मी लिहिले आणि आठवड्याभराचं काम अडीच महिने रखडलं. तेही मे-जूनमध्ये, ऐन आठळ्यांच्या हंगामात. अजून चीड येते.

मुळात हे शब्द आले कुठून ते सांगतो. साधं आठळ्यांचं पीठ कैरीच्या सॉसला लावलं की उकळताना छान दाटतं, पण ढवळत राहिलं की पातळ पडतं, आणि फ्रिजमध्ये ठेवलं तर दुसऱ्या दिवशी वर पाणी सुटतं. स्टार्चचे कण फुगून फुटतात, आंबटपणा त्यांना आणखी तोडतो. यावर रसायनाशिवायचा उपाय म्हणजे पिठात मोजकी ओल ठेवून त्याला बंद डब्यात उष्णता द्यायची. संशोधनाच्या लेखांतून याला 'हीट-मॉइश्चर ट्रीटमेंट' म्हणतात आणि ती 'स्टार्च मॉडिफिकेशन'च्या सदरात येते. मी तेच नाव अर्जात उतरवलं.

सहाव्या दिवशी शेरा आला: आयएनएस क्रमांक कळवा, वापरलेल्या रसायनाचं नाव व प्रमाण द्या. आयएनएस म्हणजे खाद्यपदार्थांत घालायच्या पूरक द्रव्यांची आंतरराष्ट्रीय क्रमांक-यादी. त्यातला क्रमांक असतो तो रसायनाने, आम्लाने किंवा एन्झाइमने बदललेल्या स्टार्चला. उदाहरणार्थ १४०४ म्हणजे ऑक्सिडाइज्ड स्टार्च, १४२२ म्हणजे ॲसिटिलेटेड डायस्टार्च ॲडिपेट. नुसतं पाणी आणि उष्णता यांना असा क्रमांकच नाही. मी कळवलं, 'रसायन वापरलेलं नाही'. नऊ दिवसांनी तोच शेरा, शब्द न शब्द तोच. मग मी चार शोधनिबंधांच्या प्रती जोडल्या. ही सगळ्यात मोठी चूक. प्रत्येक निबंधाच्या शीर्षकातच 'मॉडिफाइड' होतं, त्यामुळे समोरच्याचा समज आणखी पक्का झाला. तिसऱ्या वेळी तीन आठवडे काहीच हालचाल नाही. फोन केला की 'साहेब फिरतीवर आहेत'.

शेवटी स्वतः गेलो. टेबलावरच्या माणसाने दोन मिनिटांत सांगितलं की उत्पादनाच्या यादीत मी 'स्टार्च' निवडलंय, 'पीठ' निवडायला हवं होतं. आणि ते बरोबरच होतं! स्टार्च म्हणजे आठळ्या वाटून, धुऊन, निवळून खाली बसलेला पांढरा साका. मी तो वेगळा काढतच नव्हतो, अख्खी आठळी दळत होतो. हे एक वाक्य पहिल्या शेऱ्यात लिहिलं असतं तर माझा हंगाम वाचला असता. जुना अर्ज मागे घेतला, नवा भरला. नाव: 'फणसाच्या आठळ्यांचं पीठ, उष्णता प्रक्रिया केलेलं'. सोबत एका पानाचा कृतीचा तक्ता, शोधनिबंध एकही नाही. पाचव्या दिवशी नोंदणी हातात. शुल्क वर्षाला १०० रुपये.

नियम असा की सात दिवसांत मंजुरी, नकार किंवा तपासणीची नोटीस यांपैकी काहीच आलं नाही तर छोट्या व्यावसायिकाला काम सुरू करता येतं. माझा शेरा सहाव्या दिवशी आला, म्हणून तीही वाट बंद झाली असं मी धरलं.

तक्त्यात काय लिहिलं ते देतो. पांढरं चिवट साल सोलून, आतला तपकिरी पापुद्रा खरवडून काढायचा. तो राहिला तर पीठ काळपट आणि तुरट होतं. ३ मिमीच्या चकत्या, ५५ ते ६० अंशांच्या ड्रायरमध्ये कडकन मोडेपर्यंत. मग दळून चाळायचं. ओल १० टक्के धरली तर १ किलो पिठात ९०० ग्रॅम कोरडा भाग. ओल २५ टक्क्यांवर न्यायची तर एकूण वजन १२०० ग्रॅम हवं, म्हणजे २०० मिली पाणी. ते फवारून, हाताने चोळून, पुन्हा चाळायचं आणि घट्ट डब्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. बाहेर ठेवू नका. आपल्या दमट हवेत ओलं पीठ सकाळपर्यंत आंबूस वास मारतं, आणि त्यात बॅसिलस सिरियस हा जंतू वाढला तर त्याचं विष पुढच्या उष्णतेतही टिकू शकतं.

सकाळी दोन सेंटिमीटरपेक्षा जाड थर न करता डबा भरायचा, झाकणावर दुहेरी फॉइल, आणि कुकरमध्ये पूर्ण दाबावर एक तास. समुद्रसपाटीला कुकरमध्ये साधारण १२० अंश मिळतात. कुकर आपोआप निवेपर्यंत उघडू नये. ओल ३० टक्क्यांच्या वर गेली तर पीठ शिजून दगडासारखे गोळे होतात, ते जात्यातही फुटत नाहीत. थर जाड असला तर कडा झालेल्या आणि मधलं कच्चं. शेवटी ५० अंशांना वाळवून ओल पुन्हा १० टक्क्यांखाली.

जमलं का ते असं बघा: ५ ग्रॅम पीठ, १०० मिली पाणी, २० मिनिटं उकळा. साध्या पिठाची वाटी शेजारी ठेवा. प्रक्रिया केलेलं सुरुवातीला कमी दाटतं, पण ढवळून पातळ पडत नाही. सॉसला म्हणूनच ते थोडं जास्त लागतं. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा.

जागेची तपासणी अर्ध्या तासात आटोपली. पाणी, जाळ्या, डोक्यावरची टोपी, ट्रे. ट्रे आणि सुऱ्या निर्जंतुक करायला ४ टक्क्यांचं हायपोक्लोराइट (क्लोरीनचं द्रावण) लिटरला ५ मिली, म्हणजे २०० पीपीएम (दहा लाखांत २०० भाग). आधी साबणाने चीक काढा, नाहीतर क्लोरीन त्याच्यावरच खर्च होतं. फणसाचा चीक नुसत्या साबणाला दाद देत नाही, म्हणून त्याआधी खोबरेल लावून पुसा.

आणि पाकिटावर चौदा आकडी नोंदणी क्रमांक छापाल तेव्हा उत्पादनाचं नाव अर्जातलंच छापा. छापखान्यात मुलाने 'आठळी स्टार्च' असं सुटसुटीत करून दिलं होतं. पहिली पाचशे पाकिटं बाजूला ठेवावी लागली.