ड्यूकची केळ

आमच्या रावेरकडे नुसतं ‘बाग’ म्हटलं की केळीचीच. मृगात लावलेली मृगबाग, पावसाळा सरता लावलेली कांदेबाग, पिलांवर धरलेली पीलबाग. बागेत जायचं ते खत टाकायला, नाहीतर घड कापायला. त्यामुळे मँचेस्टरला भाचीने “मावशी, उद्या बाग बघायला जाऊ” म्हणत तिकिटं काढली, तेव्हा तिकिटाचे पैसे ऐकूनच माझा अर्धा उत्साह गेला.

डर्बीशरमधलं चॅट्सवर्थ म्हणजे डेव्हनशरच्या ड्यूकांचा वाडा. समोर हिरवे उतार, मेंढ्या, खाली डर्वेंट नदी. निसर्ग तो निसर्गच, असं म्हणणार तोच कळलं की 18व्या शतकात लॅन्सलॉट ब्राउनने हा ‘निसर्ग’ आखून बसवलाय. एका तांब्याच्या झाडाने तर फांद्यांतून माझ्यावर पाणी उडवलं. पाहुण्यांची अशी थट्टा तिथे तीनेकशे वर्षं चालू आहे म्हणे.

पण माझं मन अडकलं जोसेफ पॅक्स्टनमध्ये. 1826 साली ऐन विशीत तो इथला मुख्य माळी झाला. मॉरिशसहून आलेली बुटकी केळ त्याने काचघरात, ऊब देऊन वाढवली, आणि 1835च्या नोव्हेंबरात ती निसवली! बाहेर बोटं गोठवणारी थंडी आणि आत केळफूल. आमच्याकडे थंडीने बाग चरकली की आप्पांची झोप उडते, म्हणून मला त्या माळ्याचं कौतुक ड्यूकपेक्षा जास्त.

केळीला नाव मात्र मालकाच्या घराण्याचं मिळालं: कॅव्हेंडिश. आमची जुनी बसराई त्याच जातीची, आणि आता सगळीकडे दिसणारी टिश्यूची (प्रयोगशाळेत तयार केलेल्या रोपांची) जी-नाईनही त्याच कुळातली. म्हणजे आम्ही आयुष्यभर या वाड्याचं आडनाव ट्रकमध्ये भरत होतो.

पॅक्स्टनचं ते प्रचंड मोठं काचमंदिर 1920 साली पाडलं. त्या जागी आता हिरव्या कुंपणांचा भुलभुलैया आहे. त्यात आम्ही वीस मिनिटं हरवलो. (भाची म्हणते दहा.)

संध्याकाळी तळ्याकाठी बसून आप्पांना फोन लावला. आडनावाची गंमत सांगितली, त्यावर ते नुसतं “हं” म्हणाले. मग कारंज्याचं सांगितलं. 1844 साली रशियाचा झार येणार म्हणून पॅक्स्टनने वर डोंगरावर तलाव खोदून घेतला. झार आलाच नाही, पण कारंजं मात्र 90 मीटरपर्यंत उडायचं.

“मोटर कितीची?”

“मोटरच नाही आप्पा. वरच्या तलावाचं पाणी, नुसत्या उतारावर.”

पलीकडे बराच वेळ शांतता. त्या आठवड्यात आमच्याकडे मोटर चालवायची थ्री-फेज वीज रात्री दोनला येत होती.

“आणि ते पाणी जातं कुठल्या शेताला?”


“कुठल्याच नाही,” मी म्हटलं.