आमची वाटचाल: बेल्टच्या पुरवठ्यापासून सुटकेच्या तयारीपर्यंत

आमची फर्म सुरू झाली ती निव्वळ पुरवठादार म्हणून. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून सेफ्टी बेल्ट, हेल्मेट, जाळ्या उचलायच्या, उपनगरातल्या साइटवर पोचवायच्या आणि चलनावर सही घ्यायची. आज आमच्या कोटेशनमध्ये बेल्टची ओळ सगळ्यात खाली असते. तिच्या वर आम्ही हुक कुठे अडकणार, खाली मोकळी जागा किती आहे आणि लटकलेल्या माणसाला कोण, कशाने उतरवणार हे लिहून देतो.

‘कामगार बेल्ट घालत नाहीत’ अशी तक्रार साइट इंजिनिअर करतात. प्रत्यक्षात बरेचदा बेल्ट अंगावर असतो, पण हुक लावायला जागाच नसते. मग तो परांचीच्या बांबूला, शटरिंगच्या टेकूला नाहीतर बेल्टच्याच रिंगला लागतो. म्हणून पुरवठ्यापाठोपाठ आम्ही लाइफलाइन, म्हणजे हुक अडकवायचा दोर, बसवण्याचं काम हाती घेतलं. अँकरचे, म्हणजे हा दोर जिथे पक्का बांधायचा त्या जागेचे, लूप कॉलम ओतण्यापूर्वीच सळईच्या जाळ्यात बांधून घ्यावेत. नंतर ड्रिल मारू म्हटलं की ते राहून जातं. वायररोपच्या टोकाला क्लिप लावताना यू-बोल्ट मोकळ्या टोकावर आणि क्लिपची बैठक भार घेणाऱ्या बाजूवर हवी. उलटी बसली तर रोप नेमका भाराच्या जागी चेपतो. 12 मिलिमीटरच्या रोपला अशा तीन-चार क्लिप, मध्ये साधारण 75 मिलिमीटरचं अंतर, आणि एकदा भार देऊन पुन्हा आवळणं. लाइफलाइन ताठ ओढली की दिसायला नीटस दिसते, पण झोळ जितका कमी तितका माणूस पडल्यावर दोन्ही अँकरवर येणारा ओढा जास्त. झोळ ठेवला तर खाली तेवढी जास्त जागा लागते.

जागेचा हा हिशेब मुकादमापासून बिल्डरपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असावा असं आम्हाला वाटतं. लॅनयार्ड (बेल्टपासून हुकपर्यंतचा दोर) 2 मीटर, त्यावरचा झटका शोषणारा शॉक ॲब्सॉर्बर पूर्ण उलगडला की 1.75 मीटर, पाठीवरच्या डी-रिंगपासून पायापर्यंत 1.5 मीटर आणि राखीव 1 मीटर. म्हणजे हुकच्या जागेपासून खाली 6.25 मीटर मोकळे हवेत. मजल्याची उंची तीन मीटरच्या आसपास असते. पहिल्या स्लॅबच्या कडेला, पायाशी हुक लावून काम करणारा माणूस बेल्टसकट जमिनीवर आदळेल. तिथे रेलिंगच हवं: वरचा पाइप 1.1 मीटरवर, एक मधला पाइप आणि खाली 150 मिलिमीटरची फळी. हुक डोक्यावर असला तर हिशेब बराच सुधारतो. कमरेचा जुना पट्टा आम्ही ठेवतच नाही, आयएस 3521 या भारतीय मानकाचा पूर्ण अंगाचा हार्नेसच देतो.

स्लॅबमधलं भोक ही सगळ्यात फसवी जागा. त्यावर नुसता प्लाय टाकलेला असतो. कोणीतरी तो शटरिंगला न्यायला दोन्ही हातांनी उचलतो, प्लाय समोर धरल्यामुळे पायाखालचं दिसत नाही आणि पुढचं पाऊल थेट भोकात पडतं. प्लायच्या खालच्या बाजूला भोकाच्या मापाच्या पट्ट्या ठोका म्हणजे तो सरकणार नाही. वरून स्लॅबला खिळवा आणि ठळक रंगात ‘नीचे होल है’ लिहा, कारण वाचणारे बहुतेक हिंदी वाचतात.

जाळीबद्दल थोडक्यात. धुळीसाठी लावलेलं हिरवं कापड माणूस झेलत नाही. झेलणाऱ्या जाळीचा चौकोन 100 मिलिमीटरपेक्षा मोठा नको. पडण्याची उंची 6 मीटरपेक्षा जास्त नको, आणि एवढ्या उंचीला जाळी इमारतीच्या कडेपासून किमान 3 मीटर बाहेर हवी. वेल्डिंगच्या ठिणग्या आणि साठलेला मलबा तिला आतून खातात. हार्नेसवर सिमेंटचं पाणी वाळू देऊ नका, सिमेंटचा अल्क पॉलिस्टर कमजोर करतो. साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. एकदा पडझडीचा झटका बसलेला हार्नेस आणि लॅनयार्ड कापून टाका, म्हणजे दुसरा कोणी चुकून घालणार नाही.

सुटकेचं काम मात्र आम्ही सर्वांत महत्त्वाचं मानतो. बेल्टने माणूस अडला तरी धोका टळत नाही. मांड्यांच्या पट्ट्यांवर निश्चल लटकून राहिल्यास पायांतलं रक्त वर परतत नाही आणि काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. अग्निशमन दलाला 101 वर फोन करायचाच, पण त्यांची वाट बघत बसायचं नाही. हार्नेसला पाय टेकवायची पट्टी असेल तर लटकलेल्याने तीत उभं राहून पाय हलवत राहायचं. आमच्या किटमध्ये आधीच ओवून ठेवलेला पुली सेट, 11 मिलिमीटरचा दोर, उतरवणी यंत्र आणि लांबून रिंगला हुक लावणारी काठी असते. ते चालवणारी दोन शिकलेली माणसं प्रत्येक शिफ्टमध्ये लागतात. खाली आल्यावर आडवं झोपवा, पट्ट्या सैल करा, श्वास बघा, 108 ची रुग्णवाहिका बोलवा आणि बरं वाटलं तरी हॉस्पिटलात न्या. जो थेट खाली आदळला त्याला उचलून रिक्षात घालू नका. डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून ठेवा, गरज नसेल तर हेल्मेट काढू नका. स्ट्रेचर होइस्टमध्ये, म्हणजे साइटच्या लिफ्टमध्ये, आडवा मावतो का, हे आधीच मोजून ठेवा. साइटला दोन रस्त्यांवर दोन गेट असतील तर फोनवर नेमकं कोणतं ते सांगा आणि तिथे माणूस उभा करा.

सध्या आमचं बरंचसं काम जुन्या सोसायट्यांच्या दुरुस्तीचं आणि रंगकामाचं आहे. विटांचा कठडा किंवा टाकीचा पाइप म्हणजे अँकर नव्हे. दोर आरसीसी कॉलमला बांधतो. रंगारी बसतो त्या झुल्याचा दोर आणि त्याची लाइफलाइन वेगवेगळ्या जागी बांधतो आणि कठड्यावर घासतो तिथे जाड कॅनव्हास घालतो. दोर बांधलेला असेपर्यंत गच्चीवर आमचा एक माणूस बसतो, कारण कपडे वाळत घालायला आलेल्या कोणी वाटेत येणारी गाठ सोडू नये.